बर्फाचं उत्पन्न

महोदय किंवा महोदया,
(पत्राखाली नाव नव्हतं, नुसती सही होती,
तीही छापलेली)
मी डोरीन ग्राबोव्स्की. ईरी, पेन्सिल्व्हेनिया.
मार्गोची आई.

तुमच्या हिशेबानं आम्ही
वर्षाला एकेचाळीस हजार डॉलर देऊ शकतो.
आकडा वाचून लेनी हसला.
माझा नवरा सहसा हसत नाही.
मग तो गॅरेजमध्ये गेला
आणि बराच वेळ तिथून
कसलाच आवाज आला नाही.

मुद्द्यावर येते.
तुम्ही जे वर्ष पाहिलंत, त्या वर्षी बर्फ पडला.
तसा पडतोच, सरोवर शेजारीच आहे,
पण त्या वर्षी तो थांबायचं विसरला.
लेनी महापालिकेचा बर्फ-नांगर चालवतो.
थँक्सगिव्हिंगपासून मार्चपर्यंत
सोळा-सोळा तास तो त्या केबिनमध्ये होता,
मांडीवर सूपचा थर्मास, डोळ्यांत मीठ.
ख्रिसमसच्या रात्री आमच्याच गल्लीतून गेला,
दिवे दोनदा उघडझाप केले,
ऑगीनं खिडकीतून हात हलवला,
आणि आमच्याच गाडीपुढे
कमरेइतका ढीग लोटून
बाप पुढच्या गल्लीत वळला.

तर तो जो ओव्हरटाइम
तुम्हाला कागदावर दिसतोय,
ते आमचं उत्पन्न नव्हे.
बर्फाचं आहे.
यंदा जानेवारीत लोक अर्ध्या बाह्यांवर फिरत होते.
पुरावा म्हणून हवामान खात्याचा तक्ता जोडलाय.
छपराचं बिलही जोडलंय:
बर्फानं एका हातानं दिलं
आणि त्याच आठवड्यात
दुसऱ्या हातानं तुळई मोडली.

घराची किंमत तुम्ही धरलीत. बरोबर आहे, घर आहे.
त्यातला एखादा तुकडा, समजा न्हाणीघर,
विकून एका सत्राची फी भरता येते का,
असं मी बँकेत विचारलं.
येते म्हणाले.
त्याला कर्ज म्हणतात.

आम्ही गरीब नाही.
हे वाक्य मी तीनदा लिहून तीनदा खोडलं.
मार्गोच्या मैत्रिणीला, इमानीला, सगळी फी माफ झाली.
व्हायलाच हवी होती, तिची आई
रात्री इस्पितळातल्या फरशा पुसते.
मी तिच्यासाठी केक केला.
केक करताना रडले,
ही ओळ पत्रातून काढायची आहे.

अंथरूण पाहूनच पाय पसरले आम्ही जन्मभर.
आता तुम्ही पट्टी घेऊन
अंथरूणच मोजायला बसलात,
आणि ते आम्हाला वाटत होतं त्याहून
लांब निघालं!

आणखी एक.
प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा
त्याच्या तळाशी कुणीतरी शाईनं लिहिलं होतं:
'वडिलांच्या नांगरावरचा तुझा निबंध
आम्ही इथे एकमेकांना वाचून दाखवला.'
त्यात ती रात्र आहे. ते दिवे आहेत.
गाडीपुढचा ढीगही आहे
(सकाळी तो मार्गोनंच उपसला).
म्हणजे तुमच्याकडे कुणाला तरी
तो बर्फ ठाऊक आहे.
तुमच्याच इमारतीत असतील ना ते लोक?
एखादा मजला वर, किंवा शेजारच्या दारात?
मधल्या सुट्टीत
जरा विचाराल त्यांना?

उत्तराची मुदत एक मे आहे, हे माहीत आहे.
मार्गोला हे पत्र माहीत नाही.
तिनं आमच्या नकळत
इथल्या कॉलेजचा अर्जही भरून ठेवलाय,
ड्रायरवर, घडी घातलेल्या टॉवेलांखाली.
मी टॉवेल तसेच राहू दिलेत.

आपली,
डोरीन

ता. क.
काल रात्री, एप्रिल असून,
थोडा बर्फ पडला.
फोन येईल म्हणून लेनी बूट घालून
खिडकीशी उभा राहिला.
पडू दे म्हणावं
की थांबू दे,
त्याला ठरवता येईना.